थोड्या ठेवीसाठी कोर्टाची पायरी

घरातला माणूस गेला, बँकेत चार-पाच लाखांची ठेव आहे आणि नॉमिनी लावलेला नाही, अशा कुटुंबाला अनेकदा एकच उत्तर मिळत आले: कोर्टातून वारस दाखला आणा. मग वकील, जाहीर नोटीस, कोर्ट फी आणि तारखा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनी हा फेरा बराच कमी केला. मृत्युपत्र नाही, वारसांत वाद नाही आणि रक्कम 15 लाखांपर्यंत, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत असेल, तर अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे लेखी निवेदन, दावेदारांचे हमीपत्र आणि पैसे न घेणाऱ्या वारसांचे ना-हरकत पत्र अशा कागदांवर बँकेने रक्कम द्यायची. तिऱ्हाईत जामीनदार मागायचा नाही. कागद पुरे झाले की मुदत 15 दिवसांची.

यावर आक्षेप येतो की, कोर्टच नसेल तर एखादा भाऊ बहिणीला अंधारात ठेवून पैसे उचलेल. भीती खोटी नाही; पण कोर्टाचा दाखला तिच्यावरचा उतारा आहे, ही समजूत मात्र चुकीची. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा दाखला मुख्यतः पैसे देणाऱ्याला संरक्षण देतो. तो पाहून बँकेने रक्कम दिली की बँक सुटली. दाखलाधारक त्यामुळे एकटा मालक होत नाही. इतर वारस त्याच्यावर दावा लावू शकतात. नॉमिनीचेही तेच. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले, तेही ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या खटल्यात. पैसे हाती येणे आणि ते आपले होणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्याच ठेवल्या आहेत. मग केवळ पहिलीसाठी विधवेला कोर्टात का धाडायचे?

खरा धोका आहे तो त्या ना-हरकत पत्रात. दिवसकार्याच्या गर्दीत ‘इथे सही कर’ म्हणून मुलींपुढे कागद सरकवले जातात, आणि मुलगी वाचायला मागते तेव्हा तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. पैसे कोणी उचलायचे हे त्या पत्रावरून ठरते. कोणाला किती मिळणार ते वेगळ्या कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आधी लिहून घ्यावे. घर-जमिनीला मात्र बँकेची ही सवलत नाही. सातबाऱ्यावरची वारस नोंद महसुलापुरती असते, आणि जमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते.