गाडी नसलेल्या मावशी



१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली. आमची ती रजा संपली आणि बाळाला सांभाळायला कुणाकडे ठेवावे, हा प्रश्न आम्हां दोघां नोकरदारांपुढे उभा राहिला.

एका पाळणाघरात आमचे आडनाव ऐकताच जागा भरली! असो. दुसऱ्या बाई लहानग्याला स्कूटरवर पुढे उभे करून शाळेतली मुले आणायला जात. २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर हेल्मेट व सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे; त्यांच्याकडे दोन्ही नव्हते. उरल्या दोन गल्ल्या पलीकडच्या मावशी. त्यांना सायकलही येत नाही.

"ताप भरला तर दवाखान्यात कशा नेणार?" नातेवाइकांचा प्रश्न रास्त होता. आम्ही मावशींसोबत त्यांच्या दारापासून दवाखान्यापर्यंत चालून पाहिले. सहा मिनिटे लागली. ओळखीच्या रिक्षावाल्या भावाचा नंबर त्यांच्या भिंतीवर ठळक लिहिला. मावशींनी आम्हांला एकच विचारले, "झोपताना हिला काय लागतं?"

वर्षावासातल्या एका दुपारी ताप भरलाच. पावसात रिक्षा मिळेना. मावशी छत्री घेऊन, बाळाला पदराखाली धरून चालत निघाल्या. आम्ही बँकेतून धावतपळत पोहोचलो, तेव्हा औषध देऊन झाले होते आणि बाळ त्यांच्या मांडीवर झोपले होते.