दात बघा, शब्द लिहून घ्या



आज आपण जनावरांच्या बाजारातले शब्द पाहू. हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकता. आता तुम्हाला अक्षर येते. तेव्हा ते लिहूनही घेऊ.

पहिले शब्द दातांचे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली 8 असतात. दुधाचे दात पडले नाहीत, तो आदत. मधले 2 पडून मोठे 2 आले, की दुसा. तो सुमारे अडीच वर्षांचा. 4 आले, की चौसा. तो तीन-साडेतीन वर्षांचा. मग सहादाती. आठही आले, की बैल जुळला. वय सुमारे 5 वर्षे. पुढे नवे दात येत नाहीत. मग दात किती झिजले ते बघायचे.

आम्ही लहान असताना वडिलांनी बाजारातून बैल आणला. विकणारा म्हणाला, "चौसा हाय, डोळे झाकून न्या." वडिलांनी तसेच नेले. घरी आजोबांनी बैलाचे तोंड उघडले. आठही दात झिजलेले! पैसे कर्जाचे होते. दुसऱ्या पेरणीला बैल औतात बसला. वडील पुन्हा बाजारात गेले. तो माणूस म्हणाला, "मी चौसा म्हणालोच नाही." हातात कागद नव्हता. वडिलांना लिहिता येत नव्हते. काय बोलणार?

दुसरे शब्द गाईचे. पहिल्यांदा व्यालेली ती पहिलारू. दूध देते ती दुभती. दूध आटले आणि गाभणही नाही, ती भाकड. गाय सुमारे सव्वानऊ महिने गाभण असते, म्हैस सुमारे दहा. "गाभण आहे" असे कोणी म्हणाला, तर किती महिन्यांची ते विचारा. जनावरांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. मगच पैसे मोजा.

तिसरा शब्द बोकडाचा. तयार बोकड कोणता? कमरेच्या मणक्यावर हात फिरवा. हाडे टोचली, तर बोकड अजून भरला नाही. हाडे मांसाखाली दबली, तर तो भरला. विकायचा असेल तर नुसत्या नजरेच्या अंदाजाने देऊ नका. काट्यावर घाला. काटा नसेल तर फीत घ्या. छातीचा घेर इंचांत मोजा. त्याला त्यानेच गुणा. मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा. 660 ने भागा. साधारण किलो निघतात. घेर 28, लांबी 26 असेल, तर वजन सुमारे 31 किलो.

आता शेवटचे. गाई-बैलांच्या कानात बिल्ला असतो. त्यावर 12 आकडे असतात. ते स्वतः वाचा. पावतीवर तेच आकडे आहेत का, ते पाहा. शेजारी लिहून घ्या: चौसा, की जुळलेला, गाभण, की भाकड. खाली दोघांच्या सह्या घ्या.

तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. कागदावरचा शब्द घरी येतो. आमच्या वडिलांना जे जमले नाही, ते तुम्हाला जमेल.