मोठा पगार आणि नकाराचा हक्क



वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणाऱ्या माणसाची कैफियत कामगारांच्या सभेत कशासाठी मांडायची, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न टाळून मला पुढे जायचे नाही.

कर्ट फ्लड हा अमेरिकेतील सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा कृष्णवर्णीय खेळाडू. बारा वर्षे तो या संघातून खेळला. १९६३ पासून सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने मिळवले. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये संघाचा हंगाम संपला आणि त्याला फोनवरून कळवण्यात आले की, तुला फिलाडेल्फियाच्या संघाला देण्यात आले आहे. चार खेळाडू तिकडे, तीन इकडे, असा तो सौदा होता. फ्लडला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची गरजही नव्हती. करारातील 'रिझर्व्ह क्लॉज'नुसार खेळाडूने एकदा सही केली की त्याला ठेवावे, विकावे की बदलून द्यावे, हे सर्वस्वी मालकाच्या हाती. खेळाडूपुढे दोनच वाटा: निमूटपणे जाणे किंवा खेळ सोडणे.

एकतीस वर्षांच्या फ्लडने तिसरी वाट धरली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर हे पोलाद कामगारांच्या चळवळीतून आलेले. त्यांनी त्याला स्पष्ट बजावले की, तू बहुधा हरशील आणि पुन्हा तुला कोणी संघात घेणार नाही. तरीही त्याने माघार घेतली नाही. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना लिहिले की, माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हावी अशी मी कोणाची मालमत्ता नाही. त्यानंतर त्याने दावा लावला आणि त्यात मक्तेदारीविरोधी कायद्यांबरोबर गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीचाही आधार घेतला. अमेरिकेतील ज्या मुक्तिलढ्याच्या गौरवार्थ महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच देशात शंभर वर्षांनी हा युक्तिवाद करावा लागला!

मळ्यात चाबूक खाणाऱ्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु फ्लडचे उत्तरही विसरता येत नाही: भरपूर पगार मिळाला तरी गुलाम हा गुलामच. पगार श्रमाचा मिळतो. माणूसच विकत घेतल्याचा अधिकार त्यातून मालकाला प्राप्त होत नाही. नव्वद हजारवाल्याला जो नकार देता येत नाही, तो नव्वद रुपयेवाल्याला कोण देऊ देणार?

संघटनेने खटल्याचा खर्च उचलला. पण त्या वेळी मैदानावर असलेला एकही खेळाडू न्यायालयात त्याच्या शेजारी येऊन बसला नाही. साक्षीला आला तो निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल फ्लडच्या विरोधात दिला. १९२२ पासून बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत असल्याचे न्यायालयानेच मान्य केले आणि ती दूर करण्याचे काम मात्र संसदेवर सोपवले. फ्लड १९७१ साली वॉशिंग्टनच्या संघातून अवघे तेरा सामने खेळला होता. त्याचा खेळ तेथेच संपला.

पण न्यायालयाने जे नाकारले, ते संघटनेने वाटाघाटीत मिळवले. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूची संमतीवाचून अदलाबदल करता येणार नाही, हा नियम १९७३ साली मान्य झाला. १९७५ साली लवादाच्या निर्णयाने रिझर्व्ह क्लॉजचीच पकड मोडली. आज एखादा बुजुर्ग खेळाडू हंगामानंतरच्या सौद्याला 'नाही' म्हणतो, तेव्हा तो फ्लडने चुकवलेल्या किमतीवर बोलत असतो. फ्लड स्वतः १९९७ साली वारला. त्याला या नियमाचा काडीचाही लाभ झाला नाही.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. खालच्या लीगमधील अल्पवेतनी खेळाडूंना याच संघटनेत यायला २०२२ साल उजाडले. वरच्यांनी मिळवलेला हक्क आपोआप खाली झिरपत नाही. म्हणूनच मोठ्या पगारवाल्याच्या लढ्याकडे आपण तुच्छतेने पाहू नये, आणि तो जिंकला म्हणजे लढा संपला, असेही मानू नये.