रूळ एकाचा, चाक दुसऱ्याचं

आपल्याकडे पदवीला सिव्हिलवाला रूळ शिकतो, मेकॅनिकलवाला चाक. गाडी मात्र धावते ती या दोघांच्या मधल्या जागेवर. चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नाण्याएवढी, आणि भरलेल्या मालडब्याचा त्यावर सुमारे १० टन भार!

बर्मिंगहॅमला रेल्वेची एमएस्सी करताना मी या नाण्यापाशीच अडकलो. वर्गात सिग्नलवाले, विजेवाले, पूलवाले शेजारी शेजारी. अभ्यासाला हॅटफिल्डचा अपघात. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला जाणारी गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगात असताना वळणावरचा रूळ फुटला. त्याचे ३००हून अधिक तुकडे झाले, चार प्रवासी दगावले. चाकांच्या वारंवार दाबानं रुळाच्या आतल्या कडेला बारीक भेगा पडतात आणि खोल जातात. त्या आधीच दिसल्या होत्या. बदलायचा रूळही आणून ठेवला होता! पण रूळ एका कंपनीचा, देखभाल दुसरीकडे, गाडी तिसरीची.

आता वडोदऱ्याला २०२२पासून खास वाहतुकीसाठी गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. खरगपूरच्या आयआयटीत रेल्वे संशोधन केंद्र आहे. तिथं जाणाऱ्या मुलामुलींनी शेजारच्या शाखेच्या तासालाही जरूर बसावं. सिव्हिलवाल्यांनी तर आधी चाकाच्या.