करवंटीचा कोळसा आणि त्याचा दुसरा जन्म

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले व्याख्यान)



चवथीत आपल्या घरी नारळ किती फुटतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. खोबरं मोदकांत आणि नेवऱ्यांत जातं, करवंटी चुलीत. आज त्या करवंटीबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या फिल्टरमधले काळे दाणे बहुधा तिच्याच कोळशाचे असतात.

करवंटीचा कोळसा करून त्याला साधारण 900 अंशांवर वाफ दिली, की त्याच्या आत असंख्य बारीक छिद्रं तयार होतात. हा सक्रिय कार्बन. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 1000 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर कोळशात पाव एकर जमीन!

पेडण्यात चांदेलच्या प्रकल्पातून पाणी येतं. तिथं तिळारीच्या कालव्याचं आणि कळणा नदीचं पाणी शुद्ध होतं. त्यात क्लोरीन घालावंच लागतं. घरातला कार्बन तो क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय द्रव्यं काढून घेतो. क्षार काढत नाही, जंतूही मारत नाही. आणि ती पाव एकर जमीन कधीतरी भरतेच. भरलेला कार्बन उन्हात वाळवून किंवा उकळून ताजा होत नाही. मी स्वतः दोन्ही करून पाहिलं आहे.

त्याला परत भट्टीच लागते. आधी ओल उडवायची, मग हवा जवळजवळ बंद ठेवून अडकलेली द्रव्यं तापवून सोडवायची आणि शेवटी 800 ते 900 अंशांवर वाफेनं छिद्रं मोकळी करायची. प्रत्येक फेरीत साधारण 5 ते 10 टक्के माल घटतो, तेवढा नवा घालायचा. हे दाणेदार कार्बनचं झालं. भुकटीचं करणं परवडत नाही. भट्टीतून निघणारा वायूही जाळून, धुऊनच बाहेर सोडावा लागतो.

आता माझी चूक सांगतो. डिचोलीत एका कारखान्याच्या पाण्याचा विभाग माझ्याकडे होता. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी मी एकदा स्वस्तातला ‘रिजनरेटेड’ कार्बन घेतला. नव्यापेक्षा दर बराच कमी, दिसायला तसाच काळाभोर. दोन दिवसांत कॅन्टीनमधली बाई म्हणाली, “साहेब, चहाला औषधाचा वास येतो.” टाकी उपसली, सगळा माल फेकला. तो आधी कुठं वापरला होता, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

आपल्या गोव्यात औषधांचे कारखाने पुष्कळ. औषधनिर्मितीतून निघालेला वापरलेला कार्बन 2016 च्या केंद्रीय नियमांत घातक कचऱ्यात मोडतो. तो आणि पिण्याच्या पाण्याचा कार्बन एका भट्टीत, एका पोत्यात मिसळता कामा नये. अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरानं 1992 मध्ये नदीचं पाणी दाणेदार कार्बनमधून गाळायला घेतलं, तेव्हा पुनरुज्जीवनाच्या भट्ट्या शुद्धीकरण प्रकल्पातच उभारल्या. स्वतःचाच कार्बन स्वतःकडे परत येतो. तो कुठून आला हा प्रश्नच उरत नाही.

घरच्या काडतुसात कार्बन असतो काही शे ग्रॅम. तेवढ्यासाठी भट्टी पेटत नाही. ते वेळेवर बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा वास फिल्टरमधून येऊ लागला, तर आधीच उशीर झाला असं समजा. पण आपल्यापैकी कुणी हॉटेल चालवतं, कुणी कारखाना, कुणी सोसायटीचं पाणी बघतं. तिथं कार्बन पोत्यांनी लागतो. त्यांनी पुरवठादाराला तीन प्रश्न विचारावेत. हा कार्बन आधी कशासाठी वापरला होता? आमचाच माल आम्हाला परत मिळेल का? आणि भट्टीनंतरचा आयोडीन नंबर किती? हा आकडा म्हणजे कार्बनची शोषण्याची ताकद. चांगल्या नव्या मालात तो 900 च्या वर असतो. उत्तर लेखी घ्या. नाही मिळालं, तर नवाच माल घ्या.

वापरलेलं पुन्हा वापरणं ही आपल्या आज्यांची शिकवण. पण डबा पुन्हा वापरताना त्यात आधी काय होतं, हे आजी हुंगून बघायची. मी तेवढंच विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!