साक्षगंधाची अंगठी आणि सोन्याचा कस

वऱ्हाडात नांदगाव खंडेश्वरासारख्या गावी साक्षगंध ठरले, की अंगठीचे सोने किती कसाचे घ्यावे, हा प्रश्न दोन्ही घरांपुढे उभा राहतो.

शुद्ध सोने 24 कॅरटचे. परंतु ते मऊ, म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळावी लागते. 5 ग्रॅमच्या 22 कॅरट अंगठीत सुमारे 4.58 ग्रॅम शुद्ध सोने असते. 18 कॅरटच्या अंगठीत 3.75. मोडताना पहिलीचे मोल अधिक येते. दुसरी कमी झिजते व खडा घट्ट धरते.

कसाचा आग्रह जुना आहे. 1963 साली सरकारने 14 कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास मनाई केली. 1966 साली ती उठवावी लागली. ज्या घरी पेरणीच्या तोंडावर दागिना गहाण पडतो, तेथे कस ही केवळ हौसेची बाब नसते.

तेव्हा बिनखड्याची अंगठी 22 कॅरटची, खड्याची 18 कॅरटची करणे व्यवहारास धरून होईल. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पडताळावा. खड्याचे वजन सोन्यात धरू देऊ नये. आणि पावती अंगठीसोबत वधूच्याच हाती द्यावी. आपले स्त्रीधन किती कसाचे आहे, हे प्रथम तिला ठाऊक असावे.