परक्या देशी शास्त्र शिकवायला जाणारी मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. पण एक प्रश्न सध्या माझ्या माहेरच्या घरात उभा आहे, आणि मुली शिकू लागल्या आहेत तसा तो उद्या तुमच्याही घरात येईल. म्हणून त्यावर चार शब्द बोलते.

माझी भाची बी. एस्सी., बी. एड. आहे. वय पंचवीस. एका हायस्कुलात ती विज्ञान शिकवते. तिच्या मनाने घेतले आहे की, आफ्रिकेतल्या एखाद्या शाळेत दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून शास्त्र शिकवायला जावे. राहण्याजेवण्यापुरता भत्ता मिळेल. पगार म्हणून काही नाही. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हीच हिला समजवा. शिकवायला आपल्या तालुक्यात पोरं नाहीत का? आणि लग्नाचं काय?"

भगिनींनो, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आईने विचारू नयेत तर कोणी विचारावेत? म्हणून मी वाचले, माहीतगारांना विचारले आणि मग माझे मत बनवले.

पहिली गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. अमेरिकेहून सिंथिया फरार नावाच्या एक अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस आल्या. पुढे १८३९ मध्ये त्या आपल्या नगरास आल्या आणि मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली येथेच वारल्या. त्या मिशनच्या बाई होत्या आणि धर्मप्रसार हा त्यांच्या कामाचा भाग होता, हे लपवायचे कारण नाही. पण सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरात या फरारबाईंच्या हाताखाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तिथपासून तो आज आपण येथे कागद हातात धरून वाचतो आहोत, इथवरचा धागा तुम्हीच जोडून पाहा. फरारबाईंच्या आईनेही, "आपल्या गावात मुली नाहीत का?" असे म्हटले असेलच की!

शेजारणीकडून आपण चमचाभर विरजण आणतो. दूध आपलेच असते. एकदा दही लागले की उद्याचे विरजण आपल्याच भांड्यात असते, पुन्हा कोणाच्या दारात जावे लागत नाही. उलट चार घरी आपण देतो. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचे काम एवढेच, विरजणाचे. तो गेल्यावर मागे शिकवणारे माणूस उभे राहिले तर तो खरा शिक्षक. नाही राहिले, तर पाहुणा आला आणि जेवून गेला.

दुसरी गोष्ट आपल्या माणसाने बाहेर जाऊन केलेल्या कामाची. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेत ते शेतकीशास्त्र शिकले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत गेले. चापिंगो येथील शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. मका हे तिथल्या लोकांचे रोजचे अन्न. आपली जशी भाकरी, तशी त्यांची मक्याची. म्हणून त्यांनी मक्याच्याच चांगल्या वाणांवर काम केले. दिएगो रिवेरा या नामांकित चित्रकाराने तिथल्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवले आहे. १९६७ साली ते नागपुरात वारले आणि २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्याच्या माणसाला परक्या मुलखाने इतके दिवस आठवणीत ठेवले, ते तो त्यांच्या भाकरीपर्यंत पोहोचला म्हणून.

आता कोणी म्हणेल, शाळेत प्रयोगशाळा नसेल तर शास्त्र कसे शिकवायचे? बायांनो, हे तरी आपल्याला कोणी विचारू नये. हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीत चुना घालून कुंकू करतात, तेही हेच. लिंबू आम्ल, चुना व साबण आम्लारी, आणि हळद ती ओळख सांगणारी. माठाला पाझर फुटतो. ते पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार. पण येथेच शिक्षकाची परीक्षा आहे. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, म्हणून कोकणात माठ आपल्याइतका गार होत नाही. आफ्रिकेच्या दमट किनाऱ्यावरच्या मुलांना आपला माठ सांगून कसे चालेल? तिथे तिथल्याच चुलीवरचे, तिथल्याच शेतातले उदाहरण शोधावे लागेल. ते शोधायचे तर तिथल्या बायकांशी बोलावे लागेल आणि बोलायचे तर भाषा यावी लागेल. अमेरिकेच्या शांतिसेनेचे पहिले पन्नासएक शिक्षक १९६१ च्या ऑगस्टमध्ये घानात उतरले, तेव्हा विमानतळावरच त्यांनी तिथल्या त्वी भाषेत गीत म्हटले, असे सांगतात. पहिले पाऊल असे टाकावे.

आपल्या हिवरे बाजारकडे तरी देण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे, हे आपल्या गावाला आता नवे नाही. उसाला आपण का नाही म्हणतो, हे आपली पोरे हिशेब करून सांगतात. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होते. सरळ उभा डबा आणि एक फूटपट्टी, एवढ्यावर हा धडा कोणत्याही देशात शिकवता येतो. माझी भाची हा हिशेब घेऊन गेली तर ती रित्या हाताने गेली असे मी म्हणणार नाही.

राहिला वयाचा आणि लग्नाचा प्रश्न. लिलियन कार्टर या अमेरिकेतल्या विधवा परिचारिका १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, शांतिसेनेतून मुंबईच्या विक्रोळीस आल्या आणि पावणेदोन वर्षे त्यांनी रोग्यांची सेवा केली. त्यांचा मुलगा १९७७ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. अडुसष्टाव्या वर्षी उशीर होत नाही, तर पंचविसाव्या वर्षी दोन वर्षांनी काय बिघडते? जे घर एवढे थांबू शकत नाही, त्या घराचा पुढे तरी काय भरवसा?

तरीही डोळे मिटून पाठवा, असे मी म्हणत नाही. वहिनीला मी सांगितले की, मुलीला अडवू नका, तिला विचारा. त्या शाळेने शिक्षक मागितला आहे का, की कोणी उगीच पाठवत आहे? तिच्या जाण्याने तिथल्या एखाद्या शिक्षकाची भाकरी तर जात नाही ना? तिच्या जोडीला तिथलीच एक शिक्षिका शिकायला असेल का? राहण्याची जागा, आजारपण, परतीचे भाडे हे सारे कागदावर लिहून मिळाले का? इकडच्या नोकरीतली रजा लेखी मंजूर झाली का? संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० च्या ठरावाने सुरू झालेली आहे. अशा जाणत्या संस्थेमार्फत जाणे आणि कोणा दलालाला पैसे भरून जाणे, यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. जो जाण्यासाठी आधी पैसे मागतो, त्याच्या दारी जाऊ नये.

आणि आपल्या तालुक्यातल्या पोरांचे काय? त्यांच्यासाठी शेवटची अट. दोन वर्षांनी तिने परत यावे आणि तिकडे जे शिकली ते इकडच्या फळ्यावर लिहावे. परक्या भाषेत, रिकाम्या हातांनी ज्या बाईने चाळीस मुलांना शास्त्र समजावले, ती आपल्या भाषेत किती चांगले शिकवेल याचा विचार करा.

मंडळाला माझी एक सूचना आहे. शिकवायला बाहेर जाणारी मुलगी, मग ती आफ्रिकेत जावो की डोंगरापलीकडच्या आदिवासी पाड्यावर, कोणाच्याही घरची असो, तिच्या आईवडिलांजवळ बसून हे प्रश्न विचारायला मंडळाच्या दोघीजणींनी जावे. उत्तरे नीट मिळाली तर घरच्यांना धीर द्यावा, न मिळाली तर थांबवावे. एकट्या आईवर हा भार टाकू नये.